पुढच्या दोन खोल्या

घरपट्टीचं बिल आलं की लोक तळाची रक्कम बघतात. मी आधी शिक्षण कराची ओळ बघते. शहरातल्या प्राथमिक शाळा चालाव्यात, त्यांना इमारती मिळाव्यात म्हणून घरांवर बसवलेला हा कर. सत्तरच्या दशकात याच ओळीमुळे माझी शाळा बंद पडायची वेळ आली होती, आणि ती ओळ वाढायला माझीच यादी कारण झाली होती. तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते. आता पन्नाशी ओलांडली आहे. सगळं क्रमानं आठवतं आहे तोवर लिहून ठेवते.

शाळा म्हणजे दोन खोल्या. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, एका घराच्या पुढच्या दोन खोल्या पालिकेनं मुलींच्या शाळेसाठी भाड्यानं घेतल्या होत्या. एकीत पहिली-दुसरी, दुसरीत तिसरी-चौथी. मुख्याध्यापिका मीच. सामान: दोन काळे फळे, एक टेबल, दोन खुर्च्या, पितळी घंटा, नकाशा, बसायला तरटाच्या पट्ट्या. दोन्ही अंगांच्या घरांत माग चालत. त्यामुळे आमच्या मुली शहरातल्या कुठल्याही शाळेतल्या मुलींपेक्षा मोठ्यानं वाचत. तपासणीला आलेले साहेब एकदा म्हणाले होते, "एवढं ओरडायला का शिकवता?" मी त्यांना दारात नेऊन उभं केलं. मग त्यांनी शेरा लिहिला नाही.

घराचे मालक मागच्या बाजूला राहत. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणे, मीही म्हणे. अक्कलकोटकडून लहानपणी आलेले, जन्मभर बैलगाडीनं सुताचे गठ्ठे वाहिलेले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डोक्याला पटका, अक्षरओळख नाही. घरात कानडी, आमच्याशी मराठी. गाडी कधीच गेली होती. घराचा कारभार आता मोठ्या मुलाकडे होता. मागच्या पडवीत त्याचे दोन यंत्रमाग होते आणि त्याला आणखी हवे होते.

महिन्याच्या पहिल्या तारखेला शाळा सुटताना आप्पा पायरीवर येऊन बसत. मी पावती पुढे करी, शाईची डबी उघडी. ते डाव्या हाताचा अंगठा उमटवत, भाड्याचे पैसे न मोजता बंडीच्या खिशात टाकत आणि थेट कोपऱ्यावरच्या हॉटेलात जात. तिथं त्यांचे जुने दोन गाडीवान सोबती वाट बघत असत. त्या दिवशी चहा आप्पांचा. महिन्याची तंबाखू, सोमवारचा नारळ, नातवंडांना भत्ता हेही त्यातूनच. बाकी घरातला एक पैसाही त्यांच्या हाताला लागत नसे. हे मला माहीत होतं. पुढचं सगळं हे माहीत असताना झालं.

त्या वर्षी आषाढात माझे यजमान गेले. गिरणीत टाइमकीपर होते. ताप आला आणि चौथ्या दिवशी गेले. तेराव्याच्या सामानाची यादी मीच केली: गूळ किती, तूप किती, पत्रावळी किती. एकही वस्तू कमी पडली नाही. नातेवाईक म्हणाले, धीराची बाई. धीर वगैरे काही नव्हता. सकाळी उठल्यावर यादी करायची आणि झालेल्या कामावर रेघ मारायची एवढं मला जमत होतं, तेवढंच मी करत होते. राहिलेलं काम दुसऱ्या दिवशीच्या यादीत न्यायचं, हा नियम. त्यांची सायकल विकायचं काम असं रोज पुढच्या पानावर जात होतं.

दिवाळीच्या सुट्टीत पालिकेनं घरांची फेरमोजणी काढली. नव्यानं घरपट्टी ठरवायची होती. शिक्षकांना अशी कामं नेहमीचीच. मला आमचीच वस्ती मिळाली. हातात टेप, खडू, गेरूचा डबा. चौकटीवर गेरूनं नंबर टाकायचा आणि छापील तक्त्यात घर उतरवायचं: मालक कोण, खोल्या किती, वापर काय, भाडेकरू कोण, भाडं किती. राहत्या जागेपेक्षा धंद्याला किंवा भाड्यानं दिलेल्या जागेवर पट्टी जास्त, आणि शिक्षण करही जास्त.

हे गल्लीला कळायला एक दिवस लागला. पहिल्या दिवशी बायकांनी विचारलं, "बाई, रेशनची साखर वाढवून देनार व्हय?" दुसऱ्या दिवशी कुणी साखरेचं नाव काढलं नाही. मी ज्या घरात शिरे त्या घरातले पुढचे माग बंद. मागावर गोधड्या टाकलेल्या, गोधडीवर एखादं मूल झोपवलेलं.

"हे काय आहे?"

"पाळना हाय की, बाई."

आतल्या खोलीत खटाखट चाललेली असे.

"आणि तो आवाज?"

"त्यो शेजारचा."

शेजारी गेलं की तो आवाज या घरातला असे. मी गोधडी उचलून बघत होते आणि जे दिसेल ते लिहीत होते. याच बायकांच्या मुली माझ्या शाळेत होत्या. कुणी रागावलं नाही. उलट चहा विचारत. मला हसू येत नव्हतं, अवघडल्यासारखंही होत नव्हतं. टेप लावायची, आकडा लिहायचा, पुढचं दार.

आप्पांचं घर शेवटी घेतलं. पुढच्या खोल्यांचं माप काढायचीही गरज नव्हती, मला त्यांतली फरशी न् फरशी पाठ होती. पण तक्ता मालकाला विचारूनच भरायचा होता.

"आप्पा, पुढच्या दोन खोल्यांचा वापर काय लिहू?"

"त्या माझ्या कुटं हायत? पोरींच्या हायत की. लिवा पोरींच्या."

"तसं लिहिता येत नाही."

"मग सोडा कोरं."

"कोरं सोडता येत नाही."

आप्पांनी दारातल्या म्हशीकडे बघून सांगितलं, "लई कडक बाई हाय गं ही."

मी लिहिलं: शाळा, भाड्याने. पुढच्या रकान्यात भाडं. आकडा विचारला नाही, दरमहा मीच देत होते. तक्ते जमा केले तेव्हा कचेरीतल्या कारकुनानं माझी यादी बाकीच्या शिक्षकांना दाखवली. एक खाडाखोड नव्हती.

जानेवारीत गड्ड्याची जत्रा संपली, पाळणे उतरवायला लागले, तेव्हा नवी बिलं आली. आप्पा सकाळी प्रार्थना झाल्याबरोबर बिल घेऊन पायरीशी आले.

"वाचा बरं बाई. पोरगं म्हंतंय डबल झाली."

दुप्पट नव्हती, पण बरीच वाढली होती. मी एकेक ओळ वाचून दाखवली. साधी पट्टी, पाणी, दिवाबत्ती. मग सगळ्यात जास्त वाढलेली ओळ.

"ही कशाची?"

"शिक्षण कर. शाळांसाठी."

"कुटल्या शाळंसाठी?"

"शहरातल्या सगळ्या."

"ही बी?"

"ही पण."

आप्पांनी थोडा विचार केला. "म्हंजे माझ्या घरात शाळा हाय म्हनून शाळंची पट्टी मला जादा. आन् ज्याच्या घरात शाळा न्हाई त्याला?"

"कमी."

"बाई, ह्यो हिशोब चौथीतल्या पोरींना घाला. कुनाला सुटतो का बघू."

खोलीतल्या दोन-तीन मुली हसल्या. मग आप्पांनी विचारलं, "खोल्या भाड्यानं हायत म्हनून कुनी लिवलं?"

"मी."

"व्हय," ते म्हणाले, "मलाच इचारून लिवलं की." बिलाची घडी करून पटक्यात खोचली आणि गेले.

मधल्या सुट्टीत मोठा मुलगा आला. हाताला वंगण होतं. तो आत आला नाही, उंबऱ्यावरूनच बोलला.

"शाळा तुमची, यादी तुमची, आन् पट्टी तेवढी आमची! बरं हाय की तुमचं, बाई. भाडं म्हाताऱ्याच्या चहात जातंय, पट्टी मी भरायची. पाडव्याला हितं चार माग बसवनार. तवर खोल्या मोकळ्या करा."

पाडवा मार्चअखेर होता. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये. मी वरिष्ठांना पत्र लिहिलं. उत्तर लवकर आलं: जागा न मिळाल्यास मुलींना रुळापलीकडच्या शाळेत सामावून घ्यावं. कागदावर ते सोपं होतं. ती शाळा मोठी होती, पक्की होती, पण मध्ये रेल्वेचे रूळ आणि मालधक्का होता.

चौथीत एक मुलगी होती, हुशार, गणितात पुढे. घरी तेलुगू बोलत. आई दिवसभर कांड्या भरे, म्हणजे मागाच्या धोट्यासाठी सूत गुंडाळून देई. सकाळी मुलगीही तिच्याशेजारी बसून कांड्या भरे आणि घंटा ऐकू आली की धावत येई. मी आईला भेटायला गेले. तिचे हात थांबले नाहीत.

"रुळापलीकडं नाही पाठवत, बाई. तिचा बाप नाही म्हणतो. इथं शाळा म्हणून शाळा. घंटा वाजली की जाते, सुटली की दोन मिनिटात कामाला बसते. तिथं गेली तर कधी येणार?"

"परीक्षेपुरतं तरी?"

"एकदा घरात बसली की बसली. पोरीचं तसंच असतं की." मग तिनं वर बघितलं. "तुम्ही गोधडी उचलून बघितली नसती तर आमची पण पट्टी वाढली नसती. पण ते जाऊ दे. शाळा नका नेऊ."

मुलींची यादी काढली. दोन्ही खोल्या मिळून. प्रत्येक घरी गेले आणि नावापुढे खूण केली: येईल किंवा येणार नाही. चौथीतली एकही मुलगी रुळापलीकडे जाणार नव्हती. मग रिकाम्या जागांची यादी केली. रंगाचं गोदाम: डोळे चुरचुरतात. तालीम: दिवसा मोकळी, पण आईबाप पाठवणार नाहीत. देवळाचा मंडप: लग्नसराईत मिळणार नाही. सगळ्यांवर रेघा मारून झाल्या. तेव्हाही मला काही वाटलं, असं आठवत नाही. घरी आले, भात टाकला, उद्याच्या यादीत लिहिलं: हरकतीचा अर्ज.

वाढलेल्या पट्टीवर मुदतीत हरकत घेता येत होती. अर्ज आप्पांच्या नावानं मीच लिहिला. कारणाच्या जागी काय लिहावं ते सुचेना, कारण नोंद बरोबर होती. शेवटी लिहिलं, फेरविचार व्हावा. आप्पांनी अंगठा उमटवला.

सुनावणीच्या दिवशी आम्ही दोघं सिटी बसनं सात रस्त्याला उतरलो आणि कचेरीपर्यंत चालत गेलो. आप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. बाकावर दोन तास बसलो. त्यांनी तंबाखूची चंची काढली, भिंतीवरची पाटी बघितली, मला विचारलं, "काय लिवलंय?" मी सांगितलं, थुंकू नये. त्यांनी चंची परत ठेवली.

आतले साहेब तरुण होते, बोलायला बरे होते. त्यांनी माझा तक्ता काढून समोर ठेवला.

"बाई, ही यादी तुमची? अक्षर छान आहे."

"हो, माझी."

"मग तुम्हीच नोंद करता आणि तुम्हीच हरकत लिहिता, असं कसं?"

मी शाळेचं सांगितलं. पाडवा, परीक्षा, रूळ. त्यांनी ऐकून घेतलं. पेन्सिलनं माझ्या नोंदीवर टकटक केली.

"असं बघा. जागा शाळेला फुकट दिलेली असेल तर या दोन खोल्या पट्टीतून वगळता येतात. नुसती शाळा असून भागत नाही, भाडं नको. नोंद करताना गडबडीत राहून गेलं असेल, तर दोन ओळी लिहून द्या. आता मला सांगा, हे भाडं घेतात की नाही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कोणतं उत्तर हवं होतं ते मला कळलं. आप्पाही माझ्याकडे बघत होते. दरमहाचे पैसे तसेही माझ्या हातून जात होते. पुढे काय करायचं ते माझं मी निस्तरलं असतं. दोन ओळी लिहायच्या होत्या.

मी म्हटलं, "घेतात. पावत्या माझ्याकडे आहेत."

पिशवीतून पावत्या काढून टेबलावर ठेवल्यासुद्धा. तारीखवार लावलेल्या होत्या.

असं का केलं, याचा मी नंतर विचार केला आहे. मी फार सत्यवादी आहे असं नाही. शाळेच्या हजेरीत मीही कांड्या भरणाऱ्या मुलींना अर्ध्या तासानं आल्या तरी वेळेवर लावत होते. पण त्या वर्षी माझ्याकडे नीट असलेली एकच गोष्ट होती, मी लिहिलेलं. ते चुकलं असं सहीनिशी म्हणायला माझा हात उचलला नाही. त्यात शाळेचा विचार नव्हता आणि आप्पांचाही नव्हता.

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "मग माझा इलाज नाही."

आप्पा खुर्चीवर पुढे सरकले. "साहेब, घेत हुतो."

"म्हणजे?"

"घेत हुतो. आता न्हाई घेत."

"कधीपासून?"

"हे काय, आत्तापासनं."

साहेब हसले. "अहो आजोबा, लिहून द्यावं लागेल. परत मागता येणार नाही."

"बाई लिवतील की. त्यांचं अक्षर चांगलं हाय, तुमीच म्हनलासा." आणि कानडीत, स्वतःशीच, जाऊ दे, सोड, अशा अर्थाचं "होगली बिडू" म्हणाले.

मी लिहिलं. आजपासून सदर दोन खोल्यांचे भाडे घेणार नाही. आप्पांनी अंगठा उमटवला, बोट पटक्याला पुसणार होते, साहेबांनी कागद दिला.

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "आप्पा, ते पैसे तुमचे होते."

"मग कुनाचे?"

"आता महिनाभर काय करणार?"

"तंबाखू सुटंल. डाक्टर कवाधरनं बोंबलतोय." थोड्या वेळानं खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्या दोघांना चहाचं काय सांगायचं तेवढं बघाय पायजे."

मुलानं घरात आरडाओरडा केला. भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू येत होता, अर्धा कानडी, अर्धा मराठी. पण घर आप्पांच्या नावावर होतं, वाढलेली पट्टी उतरली होती, आणि माग मागच्या अंगणात पत्रे टाकून बसले. वरिष्ठांनी भाडं वाचल्याबद्दल मला अभिनंदनाचं पत्र पाठवलं. ते मी फाइलला लावलं.

पुढच्या पहिल्या तारखेला शाळा सुटताना आप्पा पायरीवर येऊन बसले. मीही सवयीनं शाईची डबी काढली आणि परत ठेवली. त्यांनी ते बघितलं. आत मुली दप्तरं भरत होत्या. ते थोडा वेळ बसले आणि कोपऱ्याकडे न जाता उलट्या बाजूनं मागच्या घरात गेले.

त्या रात्रीच्या यादीत मी लिहिलं: आप्पांची तंबाखू. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नेहमीच्या दुकानातून, ते घेत तीच, पुडी आणली आणि पुढे केली. त्यांनी हात मागे घेतला.

"नको बाई. भाडं घेतलं की पट्टी येती. लिवताल कुटं तरी."

"हे भाडं नाही. मी कुठेही लिहिणार नाही."

"तुमी? न लिवता?" आप्पा असे हसले की मागच्या घरातून सून बघायला आली. ते चिडले नव्हते. त्यांना खरोखरच गंमत वाटली होती. पुडी मात्र घेतली नाही. मी ती टेबलाच्या खणात ठेवली. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारलं, तेव्हाही नको म्हणाले.

एप्रिलमध्ये परीक्षा त्याच दोन खोल्यांत झाली. कांड्या भरणारी मुलगी पहिली आली. पाचवीला रुळापलीकडे तिला एकटीला पाठवायला बाप तयार झाला नाही, तेव्हा आई स्वतः तिला सोडायला जाऊ लागली, हातात कांड्यांची पिशवी घेऊन. हे पुढे तीन वर्षं तरी चाललं, असं मला दिसलं. पुढचं माहीत नाही.

सायकल पुढच्या दिवाळीत विकली. भंगारवाला घंटी वाजवून बघत होता. मी पैसे घेतले, रेघ मारली, आत जाऊन पोळ्या केल्या. एवढे दिवस ते काम का राहिलं होतं, ते आठवेना.

चार वर्षांनी माझी बदली झाली. बदली होताना सगळ्या सामानाची यादी करून नव्या मुख्याध्यापिकेच्या ताब्यात द्यावी लागते. मी वाचत होते, ती खुणा करत होती. फळे दोन. टेबल एक. घंटा एक. नकाशा एक, कडेला फाटलेला. टेबलाचा खण उघडला तेव्हा पुडी निघाली, वाळून भुगा झालेली. ती मी पिशवीत टाकली.

शेवटी इमारत. तिनं वाचलं, "विनाभाडे? आजकाल कोण देतं असं? शेऱ्यात कारण काय लिहू?"

बाहेर पायरीवर आप्पा बसले होते, त्यांना ऐकू कमी येऊ लागलं होतं.

"मालकांची इच्छा," मी म्हटलं.

तिनं तसं लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही केली. घरी येऊन नवी वही काढली आणि राहिलेली कामं पहिल्या पानावर उतरवली. पहिलं काम आप्पांच्या तंबाखूचं होतं.